बिनस्क्रूची तबकडी

त्या राज्यात नदी नव्हती, डोंगर नव्हता, वेससुद्धा नव्हती. ते एका पांढऱ्या गोल तबकडीवर वसलेलं होतं आणि तबकडी संपली की राज्यही संपत होतं. तबकडी एका उंच मनोऱ्यावर बसवलेली होती. खाली बाजार भरायचा, आणि बाजारातली माणसं कामाच्या धांदलीत मान वर करून तिच्याकडे एकदा बघून घ्यायची. वर राहणाऱ्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध म्हणाल तर तेवढाच.

राज्य लहान काट्याचं. तो जाडजूड, बुटका आणि कमालीचा संथ होता. हा हलतो की नाही, असा प्रश्न नव्याने पाहणाऱ्याला पडावा. पण दरबारात संथपणालाच भारदस्तपणा म्हणायची रीत होती, त्यामुळे त्याचं कुणी काही काढत नसे. धावपळ करायला मोठा काटा होता. तो दिवाण. दिवसभर तबकडीभोवती फेऱ्या घालायच्या, प्रत्येकाच्या डोक्यावरून आपली सावली फिरवायची आणि राजाच्या नावाने हुकूम सोडायचे, हे त्याचं काम. काठाकाठाने बारा अंक राहत. पितळेचे, घसघशीत, खानदानी. ह्या खानदानी मंडळींनी खाली बाजारात कोसळू नये म्हणून प्रत्येकाच्या अंगात दोन स्क्रू बसवलेले होते, एक वरच्या बाजूला, एक खालच्या. शिवाय तबकडीच्या मधोमध अक्रोडाएवढा एक नट होता, ज्याच्यावाचून राजा आणि दिवाण दोघेही क्षणात खाली गेले असते. पण त्याला नट म्हणायची पद्धत नव्हती. त्याला मुकुट म्हणत.

स्क्रूंची जमात कामाची. त्यांच्यात एक जुनी चाल होती. प्रत्येकाच्या डोक्यावर जी खाच असते, ती सरळ उभी ठेवायची. पेचकस नावाचा म्हातारा कारागीर स्क्रू बसवताना शेवटचा पीळ असा बेताने देई, की खाच बरोबर उभी येऊन थांबावी. हे काही शोभेसाठी नव्हतं. स्क्रू सैल पडू लागला की आधी त्याची खाच कलते, आणि इतक्या उभ्या खाचांमध्ये एकच तिरकी असली की ती दुरूनही डोळ्यांत भरते. मग शेजारचा हाक मारायचा, "अहो पेचकसबुवा, ह्यांची खाच कलली बघा." पेचकस यायचा, थोडासा पीळ द्यायचा आणि गुणगुणत निघून जायचा. ह्यात कुणालाच कमीपणा वाटत नसे. वजन धरायचं म्हटल्यावर अंग कधी ना कधी सैल पडणारच. रोज सकाळी दिवाणाची सावली डोक्यावरून सरकली की ते एकमेकांना विचारत, "खाच उभी आहे ना?" समोरचा म्हणे, "उभी आहे." मग दोघेही कामाला लागत. काम म्हणजे काय, तर जिथे आहोत तिथेच राहणं. सोपं वाटतं, करून पाहावं एकदा.

तबकडीच्या तळाशी सहाचा अंक होता. त्याला धरून ठेवणारं जोडपं म्हणजे वर येसाजी आणि खाली साळू. येसाजी गमत्या स्वभावाचा, उगाच कुणाचंही मन राखणारा. लहानपणी कुणीतरी त्याला जास्त पीळ दिला होता, तेव्हा त्याचे आटे जरा झिजले ते झिजलेच. त्यामुळे तो इतरांपेक्षा लवकर सैल पडे. साळूची नजर दिवसभर त्याच्या खाचेवर. ती केसभर कलली की हिची हाक गेलीच. "अगं, जरा थांब की, आत्ताच तर येऊन गेले ते," असं येसाजी कुरकुरे. "तुम्ही गप्प बसा," साळू म्हणे, आणि पेचकस हसत हसत येई. सहाचा अंक ह्या बोलाचालीत कधी पडला नाही. आपल्या पोटाच्या गोलाईवर दुपारचं ऊन कसं पडतं, ह्यातच तो गुंग असायचा.

दिवस असे बरे चालले होते. मग एकदा बाजारात लांबच्या गावचा कुणी पाहुणा आला. त्याने तबकडीकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि सोबतच्याला म्हणाला, "घड्याळ झकास आहे, पण हे स्क्रू बघ की. तोंडावर देवीचे वण असावेत तसे दिसतात." दोघे हसले, भाव करून मिरच्या घेतल्या आणि चालते झाले. त्यांना पुढे ह्यातलं काही आठवलंही नसेल.

वर मात्र राजाला ते भलतंच लागलं. देवीचे वण! तो दोन अंकांच्या मध्ये आला की थबकल्यासारखा वाटू लागला. दिवाणाने चटकन ओळखलं की आता काहीतरी करून दाखवायची वेळ आहे. त्याने दरबार भरवला आणि जाहीर केलं की ह्यापुढे तबकडीवर एकही स्क्रू दिसता कामा नये. तबकडीचा चेहरा असा असावा की तो आपोआपच जागेवर आहे, असं पाहणाऱ्याला वाटावं. त्याला कुणी धरून ठेवलंय, ही कल्पनाच कमीपणाची होती. हे बोलताना तो मुकुटाला धरूनच उभा होता, पण त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही.

प्रश्न एवढाच होता, की स्क्रू काढले तर अंक राहणार कसे. तेव्हा लाखबाई पुढे आली. ती आतापर्यंत कडेच्या फटी बुजवण्याचं किरकोळ काम करी. रंगाने लालचुटूक, अंगाने चकचकीत आणि बोलायला अशी गोड, की ऐकणारा चिकटलाच. ती म्हणाली, "सरकार, ह्या लोकांसारखं अंगात घुसून धरायची गरजच काय? मी नुसती पाठीला लागून राहीन. माया असली की पुरते." दरबार गहिवरला. तीनच्या अंकावर प्रयोग झाला. सकाळभर तीन दिमाखात उभा राहिला. दुपारी ऊन तापलं तशी लाखबाई पाघळली आणि तीन हळूहळू चारच्या दिशेने घसरू लागला. पेचकसाने धावत जाऊन त्याला वेळेवर सावरलं म्हणून बरं.

दुसरं कुठलं राज्य असतं तर एवढ्यावर शहाणं झालं असतं. इथे दिवाणाने मधला मार्ग काढला. स्क्रू राहतील, पण पाठीमागून. अंकांच्या पाठीत आटे पाडायचे, तबकडीच्या मागच्या अंगाने स्क्रू आत घालायचे. त्यांची डोकी, त्यांच्या खाचा, सगळं मागे अंधारात. पुढून काहीही दिसणार नाही. आणि पुढे जाहीर असं करायचं, की सगळं लाखबाईने धरलंय.

स्क्रूंची सभा भरली. बाराच्या अंकाचा वरचा स्क्रू त्यांच्यात वडीलधारा. सगळे त्याला आबा म्हणत. आबा म्हणाला, "काम तेच आहे. पुढून धरलं काय, मागून धरलं काय. मिरवायची हौस आपल्याला कधीच नव्हती." हे खरं होतं, आणि म्हणूनच त्यावर कुणाला बोलता येईना. मिरवणं नको म्हणणाऱ्या माणसाला अंधारात लोटणं फार सोपं असतं. येसाजीने तर लगेच मान डोलावली. "काम तेच आहे ना? मग झालं."

"झालं काय?" साळू म्हणाली. "तुमची खाच कोण बघणार?"

 दिवाण फेरीवर होता, तो नेमका तिथे पोचला आणि त्याने ते ऐकलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "अहो बाई, सगळ्याची सोय होईल. मागे माणूस ठेवू. तुमचे उपकार राज्य विसरणार नाही." आणि बोलता बोलता तो पुढे सरकलासुद्धा, कारण थांबणं त्याच्या रक्तातच नव्हतं. साळूला तेव्हाच वाटलं, की पेचकसाला सांगून आपल्या दोघांना इतकं घट्ट आवळून घ्यावं की कुणाला उपटताच येऊ नये. पण असं कधी कुणी केलेलं नव्हतं. तिने केलं नाही.

पेचकसाने एकेकाला काढलं आणि मागच्या दाराने नेऊन बसवलं. त्याचं गुणगुणणं त्या दिवशी बंद होतं. येसाजीला बसवताना त्याने नेहमीपेक्षा जपून पीळ दिला आणि सवयीने खाच उभी आणली. मग स्वतःशीच म्हणाला, "आता ही उभी काय नि आडवी काय." दार लागलं. बाहेरून त्याला लाखेची मोहोर बसली.

मागची बाजू म्हणजे घड्याळाचं पोट. तिथे तेलाचा वास होता, दातेरी चाकांची घरघर होती आणि अंधार होता. साळू आणि येसाजी ह्यांच्या मधून एक जाड लोखंडी पट्टी जात होती. तिच्यापलीकडे तो होता. पुढे असताना दोघांत जेवढं अंतर होतं तेवढंच इथेही होतं, फक्त आता तो तिला दिसत नव्हता. ती ओरडली. चाकांच्या आवाजात तिचं ओरडणं तिलाच ऐकू आलं नाही. असं कितीतरी वेळ चाललं. मग तास वाजले. घणघणाट थेट तबकडीतून, सहाच्या अंकातून तिच्या टोकापर्यंत आला, आणि तिने न कळत अंग आवळलं. तशी पलीकडून अंकाच्या पितळेतून एक हलकीशी ओढ आली. येसाजीनेही अंग आवळलं होतं. साळूच्या जिवात जीव आला. त्यानंतर प्रत्येक तासाला ती अंग आवळी आणि पलीकडून ओढ येई. तेवढ्यावरून तिला सगळं कळे, की तो आहे, धरून आहे. खाच दिसत नसली तरी चालेल, असं तिने मनाला समजावलं.

पुढच्या बाजूला तर आनंदीआनंद होता. बाजारातली माणसं मान वर करून म्हणत, वा, काय सफाई आहे! लाखबाईला मानाचं पान मिळालं. तिच्या नावाने आरती रचली गेली आणि ती रोज सकाळी म्हटली जाऊ लागली. पूर्वी ह्याच वेळेला स्क्रू एकमेकांच्या खाचांची चौकशी करत. मागे माणूस ठेवायचं राहून गेलं. म्हणजे कुणी मुद्दाम ठेवला नाही असं नव्हे. जो तो दुसऱ्याने ठेवला असेल, असं धरून चालला. आणि थोड्याच काळात, मागे धरून ठेवणारं कुणी आहे, हेच लोकांच्या डोक्यातून गेलं. अंकांच्याही.

एक दिवस साळूला वजन वाढल्यासारखं वाटलं. सहाचा अंक तोच, त्याचं पोट तेवढंच, पण भार तिच्या बाजूला येत होता. तासाची ओढ आली, पण ती अर्धवट, उशिराने आलेली. साळूने ओळखलं. तिला खाच बघायची गरज नव्हती. ती कलली होती. तिने पितळेतून वर हाक दिली.

"सहासाहेब, अहो सहासाहेब! तुमच्या वरच्या अंगाला सैल लागतंय का हो?"

सहा दचकला. "कोण बोलतंय?"

"मी साळू. तुमच्या पाठीत आहे."

"माझ्या पाठीत कुणी नाही," सहा जरा तिखटपणे म्हणाला. "मी आपला आपण उभा आहे." आणि त्याने घसा खाकरून मोठ्याने आरती म्हणायला सुरुवात केली.

साळूने हार मानली नाही. चाकांना तेल घालायला जो थेंब वरून उतरे, तो फिरत फिरत पुढच्या बाजूलाही जाई. तिने त्याच्या हातापाया पडून पेचकसाकडे निरोप दिला, की येसाजी सैल पडतोय, एक वेळ येऊन पीळ द्या, मग पुन्हा कधी त्रास देणार नाही. पेचकसाला आता कुणी बोलावत नसे. तो एका खणात गंज खात पडला होता. निरोप ऐकताच तो उठला आणि तडक दिवाणासमोर जाऊन उभा राहिला. मागचं दार उघडायची परवानगी मागितली.

दिवाण मनाने वाईट नव्हता. त्याने चालता चालता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बुवा, तुमचं म्हणणं मला पटतं. पण तुम्हाला मागे पाठवलं तर त्याचा अर्थ काय होईल? मागे कुणीतरी आहे, असा होईल." पेचकस म्हणाला, "पण आहेच की." दिवाणाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू भर दरबारात त्याचं धोतर सुटलंय. "तुम्ही थकलात," तो म्हणाला आणि पुढच्या अंकाकडे गेला. मात्र सहा जरा खडखडतोय ही गोष्ट त्याच्याही कानावर आली होती. त्यावर त्याने त्याच्या परीने उपाय केला. सहाच्या वरच्या कडेने लाखबाईला ओतायला सांगितलं, भरपूर.

तेलाच्या थेंबाने परत येऊन साळूला सांगितलं, "त्यांनी ऐकून घेतलं." पुढचं त्याच्याने सांगवलं नाही. साळू वाट पाहत राहिली.

त्याच सुमारास एकदा तास वाजत असताना, घणघणाटाच्या मधोमध, खाली कुठेतरी काहीतरी टणकन पडलं. घड्याळाच्या पोटात कुठला ना कुठला बारीकसारीक तुकडा नेहमीच पडत असे. साळूने कान टवकारले, पण चाकांची घरघर पुन्हा सगळ्यावरून फिरली होती. तिने अंग आवळलं. ओढ आली नाही. पुढच्या तासालाही नाही. तिला धडकी भरली. मग दुपार झाली, तबकडी तापली आणि पलीकडून मऊशी, लांबलेली ओढ आली. साळू अंधारात रडली. दमला असेल बिचारा, तिने मनाशी म्हटलं, सकाळी होत नसेल त्याच्याने. दुपारी अंग मोकळं झालं की करतोय. तेव्हापासून ती दुपारची वाट पाहू लागली. रोज ऊन तापलं की ती मऊ ओढ यायची आणि साळू आणखी एक दिवस धरून राहायची. तिचे स्वतःचे आटे दुखत होते, त्याकडे तिने लक्ष दिलं नाही.

मग गारठा आला. असा गारठा पूर्वीही येई, पण तेव्हा सगळ्यांच्या खाचा डोळ्यांसमोर असत आणि पेचकस दिवसभर राबत असे. आता लाखबाईला गारठ्याने तडे गेले. मागे कोण कधीचं सैल होतं, कोण गळून पडलं होतं, हे मागच्यांनाच ठाऊक नव्हतं. आधी नऊ गेला. तो खाली एका रताळ्यांच्या टोपलीत पडला आणि बाजारात एकच आरडाओरडा झाला. दरबारात क्षणभर सगळ्यांची पाचावर धारण बसली. मग राजाने नऊच्या जागेकडे पाहिलं. तिथे आता काहीच नव्हतं, भोकं तेवढी बुजवली की झालं. ती जागा गुळगुळीत, पांढरी आणि शांत होती. राजा कितीतरी वेळाने म्हणाला, "बरी दिसते."

एवढं पुरलं. दिवाणाने फेरी मारता मारता जाहीर केलं की नऊ मुळात जडच होता आणि त्याच्यामुळे चेहऱ्याचा डौल बिघडत होता. दोन गेला, अकरा गेला, बारा आबांसकट गेला. प्रत्येक वेळी भोकं बुजवली गेली, वरून रंग फिरला आणि प्रत्येक वेळी राजाला चेहरा आधीपेक्षा बरा दिसला. पडलेल्या अंकांचं बाजारातल्या माणसांनी काय केलं कोण जाणे. पितळेला भाव होता.

शेवटी शेवटी सहा तेवढा राहिला होता. एका गोठलेल्या पहाटे त्याच्या वरच्या कडेची लाख कटकन तुटली. सहा पुढे कलला, भेलकांडला आणि साळूभोवती गर्रकन फिरून उलटा लोंबकळू लागला. खालून पाहणाऱ्याला तो शेपटी वर केलेल्या तीनसारखा दिसत होता. त्याचं सगळं वजन एकट्या साळूवर आलं. तिने दात आवळले. उन्हं कोवळी असतानाच सहाने आयुष्यात पहिल्यांदा आपणहून पाठीकडे कान दिला.

"कोण आहे गं तिथे?" त्याने विचारलं.

"साळू."

"केव्हापासून आहेस?"

"पहिल्यापासून."

 सहा हलक्या आवाजात म्हणाला, "मला सोडू नकोस."

साळूने त्याला दुपारपर्यंत धरलं. ती येसाजीसाठी थांबली होती; ऊन तापलं की तो जोर लावील, दोघं मिळून ह्याला पुन्हा वर घेऊ, असा तिचा हिशेब होता. ऊन तापलं. तास वाजले. तिने उरलंसुरलं सगळं बळ लावून अंग आवळलं आणि पलीकडून काहीच आलं नाही. सहाच्या पाठीतले आटे एकेक करून मोडले. तो गेला तेव्हा त्याने आरती म्हटली नाही, साळूच्या नावाने हाक मारली.

तो गेला आणि साळूचं टोक तबकडीच्या पुढे उघडं पडलं. इतक्या काळानंतर तिला उजेड लागला. तिने आधी वर पाहिलं, येसाजीच्या जागेकडे. तिथे भोक होतं आणि भोकात काठोकाठ लाख भरलेली होती. जुनी, धुळीने काळवंडलेली, बारीक तड्यांची. दुपारचं ऊन तिच्यावर पडलं होतं आणि ती मऊ पडून किंचित फुगत होती. साळू बघत राहिली. रोज दुपारी येणारी ती ओढ काय होती, हे तिला कळलं, आणि त्या रडण्यानंतरचा एकेक दिवस तिच्या अंगावर कोसळला. तो केव्हाच गेला होता. घणघणाटात गेला होता, आणि तिने दुसऱ्याच कुणाला तरी त्याचं नाव देऊन जीव धरला होता. तिला ओरडावंसं वाटलं. पुढच्या बाजूला चाकांचा आवाज नव्हता, ऐकणारेही होते. पण सांगायचं काय, तेच तिला सुचेना.

दिवाणाची सावली तिच्यावरून गेली आणि थबकली. आख्ख्या पांढऱ्याशुभ्र तबकडीवर हा एक काळपट ठिपका. राजानेही तो पाहिला. "हे काय आहे?" त्याने विचारलं. दरबारात कुणालाच सांगता येईना, कारण असं काही असतं हे दिवाणाखेरीज पुढे कुणाच्या ध्यानात उरलं नव्हतं, आणि दिवाण ते कबूल करणार नव्हता. पेचकसाला खणातून काढून आणलं. त्याने साळूला ओळखलं, पण तिची खाच मागच्या अंधारात होती आणि त्याच्या हाताला धरण्याजोगं पुढे काहीच नव्हतं. त्याने नुसता तिच्या टोकावर क्षणभर हात ठेवला. मग त्याला बाजूला करून कानशीला बोलावलं.

कानस आली आणि कामाला लागली. तिला कुणाशी वैर नव्हतं. तिला सपाट करता येत होतं, ते ती करत होती. साळूचा भुगा सोनेरी धुळीसारखा खाली गेला. ती तबकडीच्या पातळीला आली, तरी मागे ती घट्टच होती. सुटावं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्या पातळीवरून तिला बाजार पहिल्यांदाच एवढा स्वच्छ दिसला. माणसं जमली होती, मान वर करून तबकडीकडे पाहत होती. कुठेही स्क्रू नाही, कुठेही अंक नाही, पांढऱ्या गोलावर दोन काटे तेवढे ऐटीत फिरताहेत. "काय सफाई आहे!" कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. एका बाईने टोपली डोक्यावर घेता घेता शेजारणीला विचारलं, "किती वाजले गं?" शेजारणीने पुन्हा वर पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मग तिने मान खाली घातली आणि जमिनीवर पडलेली स्वतःची सावली पावलांनी मोजू लागली. तिचं पाहून दुसरीनेही मोजायला घेतली, मग तिसऱ्याने; बघता बघता सगळा बाजार खाली वाकून आपापली सावली मोजत होता.

साळू हे पाहत होती, तोच पांढऱ्या रंगाचा कुंचला तिच्यावरून फिरला.